सकाळपर्यंत थांबूं नये

गेल्या अंकीं आम्हीं या सदरांत चातुर्मासांतील आहाराविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र धाडलें आहे. आहाराचा विषय त्या पत्रांत दोनच ओळींत संपतो. पुढचा मजकूर निराळा आहे. त्यांच्या घरांतील तेरा वर्षांच्या मुलीस रक्ताचा कर्करोग झाला असून तिच्यावर उपचार चालू आहेत. “औषध लागू पडतें आहे असें डॉक्टर म्हणतात, पण मध्येंच फुप्फुसांत बुरशी झाली असें सांगून त्यांनीं दुसरेंच महागडें औषध सुरू केलें आणि कर्करोगाचें औषध कांहीं दिवस थांबविलें. भाकरीवर, लोणच्यावर बुरशी येते हें आम्ही जाणतों. माणसाच्या अंगांत ती कशी येते? आणि मुख्य रोग सोडून हिच्या मागें लागणें योग्य आहे काय?” असा त्यांचा प्रश्न आहे.

आम्ही वैद्य नव्हों. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. तरी या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे, आणि तो एका चुकीमुळें प्राप्त झाला आहे. ती चूक योग्य स्थळीं सांगूं. आधीं त्या भगिनींच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं.

आपल्या हाडांच्या पोकळींत मज्जा असते. रक्तांतील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या सर्वांची ती जन्मभूमि होय. या रोगास ल्युकेमिया म्हणतात. शब्द ग्रीक धातूंपासून बनविलेला असून त्याचा अर्थ ‘पांढरें रक्त’ असा आहे, आणि जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनीं तो १८४७ सालीं रूढ केला. या रोगांत मज्जेमध्यें कोंवळ्या व निकामी पांढऱ्या पेशींची अनावर वाढ होते. गांवांत शिपाई हजार दिसावे आणि त्यांतील एकासहि काठी धरतां येऊं नये, तशी शरीराची स्थिति होते. उपचाराचीं औषधें या निकामी पेशींचा नाश करितात. पण तीं आपपर जाणत नाहींत. त्यांच्या तडाख्यांत चांगल्या पेशीहि सांपडतात. पांढऱ्या पेशींपैकीं न्यूट्रोफिल नांवाची जात जंतूंशीं व बुरशीशीं झुंजण्यांत अग्रेसर असते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत या पेशी दीड हजारांहून अधिक असतात. उपचाराच्या कांहीं दिवसांत ती संख्या ५०० च्या खालीं उतरते, कधीं १०० च्याहि खालीं जाते. हे दिवस दहांहून अधिक लांबले, कीं बुरशीस दार उघडें सांपडतें. त्यांतून मुलांच्या ल्युकेमियांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हीं स्टेरॉईड जातीचीं औषधें द्यावीं लागतात. तीं आवश्यक आहेत. पण त्यांच्यामुळें शरीराची प्रतिकारशक्ति आणखी मंदावते.

आतां बुरशी येते कोठून? ती कोठून येत नाहीं. ती सदाच आपल्या भोंवतीं असते. कांद्याच्या सालीवर जी काळी पूड दिसते ती ॲस्परजिलस या कुळांतील एक बुरशी होय. या कुळास नांव दिलें तें फ्लॉरेन्सचे धर्मोपदेशक व वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनीं, १७२९ सालीं. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचा बारीक दांडा व त्यावरील गोल तुरा पाहून त्यांस ख्रिस्ती देवळांत पवित्र जल शिंपडण्याचा जो कुंचा असतो त्याची आठवण झाली. आपण दर्भानें किंवा तुळशीपत्रानें प्रोक्षण करितों, तशांतलाच तो प्रकार. या बुरशीचे बीजकण एका मिलिमीटरांत तीनचारशें मावतील इतके सूक्ष्म असतात. श्वासाबरोबर आपण सर्वजण ते नित्य आंत घेतों, आणि आपलें फुप्फुस त्यांची वाट लावतें. जेथें न्यूट्रोफिल उरलेल्या नाहींत तेथें मात्र तो कण रुजतो, त्यास तंतू फुटतात आणि ते तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून पसरतात.

दुसरी बुरशी कँडिडा. ती तर आपल्याच तोंडांत व आंतड्यांत वस्ती करून असते. औषधांनीं आंतड्याचें अस्तर सोलवटलें म्हणजे ती तेथून रक्तांत शिरते. औषधें देण्याकरितां छातीच्या मोठ्या शिरेंत जी नळी बसवितात तिच्या वाटेनेंहि ती शिरते. तिसरी म्यूकर. २०२१ सालीं करोनाच्या साथींत महाराष्ट्रांत जिला सर्वजण ‘काळी बुरशी’ म्हणत होते तीच ही. तेव्हां मधुमेह आणि स्टेरॉईड यांच्या आश्रयानें ती बळावली होती. ल्युकेमियाच्या रोग्यास ती पांढऱ्या पेशींच्या अभावीं गांठते.

आतां आमची चूक. तीन वर्षांपूर्वींची आषाढांतील रात्र. आमच्या कनिष्ठ बंधूंचा नातू तेव्हां अकरा वर्षांचा होता. त्याच्या ल्युकेमियाच्या उपचाराचा पहिला महिना सरत आला होता आणि दोन दिवसांकरितां त्यास घरीं आणलें होतें. संध्याकाळीं तो आमच्याजवळ बसून ‘राम’ शब्द चालवून दाखवीत होता. रात्रीं साडेअकरांच्या सुमारास त्याच्या आईनें तापमापक लावून पाहिला, तों १०१ अंश ताप. बाहेर मुसळधार पाऊस. आम्हीं म्हटलें, “सूनबाई, एवढ्या पावसांत त्याला बाहेर नेऊं नकोस. तुळशी-आल्याचा काढा दे, तापाची एक गोळी दे. सकाळीं पाहूं.” घरांत आमचा शब्द सहसा कोणी मोडीत नाहीं. ती क्षणभर उभी राहिली, आणि मग म्हणाली, “अण्णा, रागावूं नका. ताप आला कीं घड्याळ पाहूं नका, तडक निघा, असें डॉक्टरांनीं वहींत लिहून दिलें आहे. आम्ही निघतों.” तिनें व आमच्या पुतण्यानें मुलास शालींत गुंडाळलें आणि तीं रिक्षानें निघून गेलीं. खरें सांगावयाचें तर आम्हांस त्या वेळीं राग आला होता.

पहाटे तीन वाजतां पुतण्याचा दूरध्वनि आला. रुग्णालयांत पोंचेपर्यंत मुलाचा रक्तदाब उतरूं लागला होता. रक्ताच्या तपासणींत न्यूट्रोफिल अवघ्या ४० निघाल्या. अर्ध्या तासाच्या आंत शिरेंतून जंतुनाशक औषध सुरू झालें म्हणून तो सांवरला. तापाची गोळी देऊन आम्हीं त्यास निजविलें असतें तर ताप कदाचित् उतरला असता, आम्ही समाधानानें झोंपलों असतों, आणि आंत जंतूंनीं आपलें काम केलें असतें. ज्या वाक्यानें आम्ही पन्नास वर्षें घरांतील लहानमोठीं दुखणीं निभावून नेलीं, तें ‘सकाळीं पाहूं’ हें वाक्य या रोगांत प्राणघातक ठरतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

त्या रात्रीचा शत्रु बुरशी नव्हती, साधे जंतु होते. बुरशीचें प्रकरण पुढें निघालें. जंतुनाशक औषधें चालू असूनहि मुलाचा ताप हटेना. अशा वेळीं डॉक्टर साधारणतः ९६ तास, म्हणजे चार दिवस, वाट पाहतात. तेवढ्यानें ताप गेला नाहीं आणि पांढऱ्या पेशी वर आल्या नाहींत, तर बुरशीचा संशय धरून फुप्फुसांचें सी.टी. चित्र काढतात व बुरशीविरुद्ध औषध सुरू करितात. आमच्या मुलाच्या उजव्या फुप्फुसांत दोन गांठी दिसल्या. आम्हीं डॉक्टरांस विचारलें, “ही बुरशीच, असें सिद्ध झालें आहे काय?” ते म्हणाले, “नाहीं. पण सिद्ध होईपर्यंत थांबलों तर फार उशीर होईल.”

हें उत्तर आम्हांस प्रथम खटकलें आणि मग पटलें. न्यायशास्त्र शिकवितांना आपण पर्वतावरील धुराचें उदाहरण देतों. धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें. अग्नि प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहीपर्यंत घागर उचलणार नाहीं असें म्हणणाऱ्याचें घर जळून जाईल. या रोगांत तर प्रत्यक्ष प्रमाण मिळविणें विशेष कठीण. प्रौढांच्या चित्रांत बुरशीच्या गांठीभोंवतीं जें ठराविक वलय दिसतें तें मुलांत पुष्कळदां दिसतच नाहीं. गांठींत सुई घालून तुकडा काढावा तर बिंबिका कमी असल्यामुळें रक्तस्रावाची भीति. म्हणून डॉक्टर औषध आधीं देतात आणि शोध चालू ठेवितात. आमच्या मुलाच्या श्वासनलिकेंत दुर्बीण घालून फुप्फुस धुतलें, आणि त्या पाण्यांत ॲस्परजिलस सांपडली. अनुमान खरें ठरलें.

या औषधांचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. १९४८ सालीं बोस्टन येथें सिडनी फार्बर यांनीं अमिनॉप्टेरिन देऊन ल्युकेमिया झालेल्या मुलांचा रोग कांहीं काळ मागें हटविला. तें औषध ज्या संशोधकमंडळानें सिद्ध केलें त्याचे प्रमुख आपले भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तथापि सर्वांगांत पसरणाऱ्या बुरशीवर भरंवशाचें औषध तेव्हां नव्हतें. १९५० सालीं एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनीं शेतांतील मातीच्या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन काढलें. पण तें तोंड, आंतडें व त्वचा यांपुरतेंच उपयोगी पडलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीकांठच्या मातींतून ॲम्फोटेरिसिन-बी मिळालें, आणि शिरेंतून देण्याजोगें पहिलें खरें शस्त्र हातीं आलें. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यांतहि डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं हमायसिन हें बुरशीनाशक शोधून काढलें, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून तें मिळालें त्यास पिंपरीवरून ‘पिंप्रिना’ असें नांव दिलें. तें मुख्यतः बाहेरून लावण्याच्या कामीं आलें. तरी पुण्याजवळच्या मातीचें नांव शास्त्रांत राहिलें.

ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशींचें आवरण सच्छिद्र करितें. पण बुरशीच्या पेशीचें आवरण व माणसाच्या पेशीचें आवरण यांत थोडें साम्य असल्यामुळें त्याचा चटका आपल्या मूत्रपिंडांसहि बसतो. हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तांतील पोटॅशियम उतरतें. म्हणून पुढें त्यास मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून देण्याची युक्ति निघाली. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनीं दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें या प्रकारचें देशी औषध तयार करण्याचें काम केलें. मेदांत गुंडाळलेलें औषध मूत्रपिंडांस पुष्कळ सौम्य आहे. ॲस्परजिलसवर तें सामान्यतः दर किलो वजनामागें रोज ३ मिलिग्रॅम देतात; म्यूकरवर ५ किंवा त्याहून अधिक लागतें, आणि तेथें बहुधा शस्त्रक्रियेनें सडका भागहि काढावा लागतो.

दुसरें औषध व्होरिकोनॅझोल. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेंत ॲस्परजिलसच्या रोग्यांपैकीं बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनॅझोल घेणारे शेंकडा सुमारें ७१ हयात होते, तर जुनें ॲम्फोटेरिसिन घेणारे शेंकडा सुमारें ५८. पण ती तुलना बहुतांशीं प्रौढांची होती. लहान मुलांचें शरीर हें औषध फार झपाट्यानें पचवितें. म्हणून त्यांस वजनाच्या मानानें अधिक मात्रा द्यावी लागते आणि रक्तांतील औषधाचें प्रमाण वरचेवर मोजावें लागतें. म्यूकरवर तें चालत नाहीं. आणखी एक मोठी अडचण अशी, कीं ल्युकेमियावरील व्हिंक्रिस्टीन या औषधाशीं त्याचें वैर आहे. दोन्हीं एकदम दिलीं तर व्हिंक्रिस्टीन शरीरांत सांचून राहतें. मज्जातंतू दुखावतात, आंतडें निपचित पडतें, कधीं झटकेहि येतात. आमच्या मुलास व्हिंक्रिस्टीनच्या दिवसांत ॲम्फोटेरिसिन आणि इतर दिवसांत व्होरिकोनॅझोल, असा हिशेब डॉक्टरांनीं कागदावर आंखून दिला होता. सूनबाईनें तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटविला, आणि पंचांगाप्रमाणें आम्ही सर्वजण तो रोज पाहत असूं.

तिसरा वर्ग कॅस्पोफंजिन वगैरे औषधांचा. तीं बुरशीच्या पेशीची भिंतच उभी राहूं देत नाहींत, आणि माणसाच्या पेशीस तशी भिंत नसल्यामुळें तीं सोसतात बरीं. कँडिडावर त्यांचा भरंवसा अधिक. २०१९ सालीं अमेरिका व कॅनडा येथील मुलें व तरुण यांवरील एक परीक्षा प्रसिद्ध झाली. मज्जेच्या तीव्र ल्युकेमियांत, म्हणजे बुरशीचा धोका विशेष असतो त्या प्रकारांत, बुरशी होण्यापूर्वींच प्रतिबंधाकरितां कॅस्पोफंजिन दिलें असतां पांच महिन्यांत शेंकडा ३.१ रोग्यांस ती झाली. जुन्या फ्लुकोनॅझोलवर शेंकडा ७.२ जणांस झाली. म्हणजे शत्रु वेशींत येण्याआधींच पहारा बसविणें हितकर.

आतां भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं. मुख्य रोग सोडून बुरशीच्या मागें लागणें योग्य आहे काय? बाई, डॉक्टरांनीं मुख्य रोग सोडलेला नाहीं. बुरशी पसरत असतां पांढऱ्या पेशी मारणारें औषध पुढें रेटलें तर मुलीच्या हातचें उरलेंसुरलें शस्त्रहि जाईल. उलट कर्करोगाचें औषध फार दिवस थांबविलें तर तो रोग डोकें वर काढील. या दोहोंच्या मधून वाट काढावयाची असते. म्हणून थोडें थांबतात, बुरशी आंवरतात, पांढऱ्या पेशी वर येऊं देतात, आणि मग बुरशीचें औषध चालू ठेवूनच कर्करोगाचा उपचार पुन्हां सुरू करितात. ॲस्परजिलसवरील औषध निदान सहा ते बारा आठवडे, आणि पुष्कळदां त्याहून अधिक काळ, घ्यावें लागतें. ताप गेला, मूल जेवूं लागलें, म्हणजे ‘आतां पुरे’ असें घरांत कोणी तरी म्हणतेंच. ऋणाची आणि रोगाची बाकी ठेवूं नये. डॉक्टर बंद म्हणतील तेव्हांच बंद.

हा आटापिटा कशासाठीं, असें कोणी विचारील. मुलांत जो ल्युकेमिया अधिक आढळतो, त्या लिंफोब्लास्टिक प्रकारांतून प्रगत देशांत आज शेंकडा नव्वदांच्या आसपास मुलें वांचतात. जो रोग बरा होण्याजोगा आहे त्याच्या वाटेंत मूल बुरशीनें जावें, यासारखें दुःख नाहीं. आमच्या मुलाच्या शेजारच्या खाटेवर एक सोळा वर्षांचा मुलगा होता. तो दूरच्या खेड्यांतून, ताप येऊन पांच दिवस झाल्यावर, आला होता. त्याच्याविषयीं अधिक लिहिण्याचें आम्हांस धैर्य होत नाहीं.

घरच्या मंडळींनीं काय करावें, तें आम्ही शिकलों तसें सांगतों. तापमापक उशाशीं ठेवावा. १०० अंशांच्या वर पारा गेला कीं डॉक्टरांस कळवावें आणि १००.४ अंश झाला कीं वेळकाळ न पाहतां निघावें. आधीं तापाची गोळी देऊन ताप झांकूं नये. गुदद्वारावाटे तापमापक, बस्ति किंवा औषध देऊं नये. काढे, चूर्णें, भस्में डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नयेत. एक औषध दुसऱ्याशीं कसें वैर धरतें तें वर सांगितलेंच आहे. दिवाळीची झाडलोट, गाद्या पिंजणें, माळ्यावरील सामान उतरविणें, भिंती फोडणें हें मूल घरांत असतां करूं नये. ओल आलेल्या भिंतीजवळ त्याची खाट नसावी. कुंड्या व निर्माल्याचें खत त्याच्या खोलीपासून दूर असावें. खर्चाचा प्रश्न उभा राहील. तेव्हां संकोच न करितां रुग्णालयांतील समाजसेवकांस पहिल्याच दिवशीं भेटावें. योजना व धर्मादाय निधि यांची माहिती त्यांस असते. उशीर झाला तर तीहि वाट अडते.

आणि शेवटची गोष्ट. बुरशी झाली म्हणून कोणी मुलाच्या आईस बोल लावूं नये. आमच्या घरांत तो मुलगा ज्या कोपऱ्यांत बसून ‘राम’ शब्द चालवीत असे, तेथें आमचीं जुनीं, पावसाळ्यांत ओलावलेलीं पुस्तकें रचलेलीं होतीं. तो कण तेथूनच उडाला असेल काय, हा प्रश्न आम्हीं डॉक्टरांस भीत भीत विचारला. ते म्हणाले, “हे कण हवेंत सर्वत्र असतात, कोणत्या श्वासाबरोबर कोणता कण गेला हें कोणास सांगतां येणार नाहीं. दोष शोधूं नका, पुस्तकें मात्र हलवा.” आम्हीं त्याच दिवशीं तीं हलविलीं.

मुलगा आज चौदा वर्षांचा आहे. त्याचा उपचार पूर्ण झाला असून तो शाळेंत जातो. घरांत अजूनहि आमचा शब्द सहसा कोणी मोडीत नाहीं, पण आजारपणाच्या बाबतींत आम्हीच आतां प्रथम विचारतों, “सूनबाई, तुझ्या वहींत काय लिहिलें आहे?” पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें एवढेंच सांगणें, कीं तुमचे डॉक्टर योग्य मार्गानें चालले आहेत, धीर धरा, हिशेबाचा कागद भिंतीवर लावा, आणि रात्रीं ताप आला तर घरांतील आमच्यासारख्या वडील माणसांचें ऐकूं नका. तुमच्या मुलीस आमचा आशीर्वाद कळवा.